इतिहास-भूगोल कशाला शिकावयाचा?

(गावच्या शाळेत भरलेल्या पालकांच्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



मागल्या सभेत आपल्यापैकीच एका बंधूंनी उभे राहून सरळ सवाल टाकला. ते म्हणाले, "मास्तर, पोरांस गणित शिकवा, इंग्रजी शिकवा, त्याचा उपयोग होईल. पण हा इतिहास, भूगोल अन् नागरिकशास्त्र कशाला? कोणता राजा कधी मेला अन् कोणती नदी कोठे मिळते, ह्यावर कोणाची चूल पेटली आहे काय?" सभा हसली. आम्हीही हसलो, कारण उत्तर सुचले नाही. घरी गेल्यावर मात्र झोप लागेना. वीस वर्षे जो विषय शिकविला तो कशासाठी शिकविला, हे चार माणसांत सांगता येऊ नये, ही काही लहान नामुष्की नव्हे. सवाल भर सभेत झाला, तेव्हा जबाबही भर सभेतच द्यावा, म्हणून अध्यक्षांकडून आज थोडा वेळ मागून घेतला आहे.

प्रथम आमची चूक कबूल करतो. आम्ही अध्यापक विद्यालयात शिकलो ते मराठीतूनच. तेथे आमच्या गुरुजनांनी बजावून सांगितले होते की, मुलास जवळच्याकडून दूरच्याकडे न्यावे. ज्या अंगणात ते खेळते, तेथूनच धडा सुरू करावा. आम्ही ते परीक्षेत लिहिले, गुण मिळविले आणि नोकरीवर रुजू होताच विसरलो. फळ्यावर प्रश्न लिहावयाचा, खाली उत्तर लिहावयाचे, मुलांनी ते उतरून घ्यावयाचे व पाठ करावयाचे. इतिहास म्हणजे सनावळी. भूगोल म्हणजे नकाशातील रंग. नागरिकशास्त्र म्हणजे सरपंच, सभापती, आमदार ह्यांची उतरंड. अर्थशास्त्राचे तर नावही प्राथमिक शाळेत निघत नाही. चार विषयांच्या चार पेट्या आणि चारींस कुलपे, असा आमचा कारभार चालला होता. तेव्हा त्या बंधूंना राग येणे साहजिक आहे. दोष विषयाचा नाही, आमच्या शिकविण्याचा आहे.

आज आम्ही पुस्तक आणले नाही. हा एक कागद आणला आहे. हा आमच्याच घरचा सातबाराचा उतारा. आपणां सर्वांच्या घरी ट्रंकेत, नाही तर देव्हाऱ्यामागे, असा एखादा कागद असतोच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, असे तलाठ्याच्या दप्तरातील दोन नमुने मिळून हा उतारा होतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ते चारही विषय ह्या एका कागदावर आहेत, आणि ज्यास ते वाचता येत नाहीत त्यास स्वतःचे शेत वाचता येत नाही.

चला, वरून सुरुवात करू.

अगदी वर गाव, तालुका, जिल्हा. त्याखाली गट नंबर. हा नंबर कोणी दिला? येथे इतिहास सुरू होतो. जमीन मोजणे हे इंग्रजांनी आणले असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. मलिक अंबराने निजामशाहीत धारा बांधला. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत काठीने जमीन मोजून आकार ठरविला गेला. मुलांस महाराजांचे गड ठाऊक असतात, लढाया ठाऊक असतात. पण रयतेच्या जमिनीवर किती घ्यावे ह्याचाही त्या राज्याने हिशेब केला होता, हे त्यांस सांगावयास नको काय? पुढे पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आले. प्रिंगल नावाच्या साहेबाने १८३० च्या सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यात नवी आकारणी लावली. ती कागदावर फार बारकाईची होती, पण प्रत्यक्षात हाताखालच्या कामगारांनी लाच खाऊन मोजणी बिघडविली आणि आकार जबर बसला. लोकांनी जमिनी टाकल्या व गावे ओस पडली. मग विंगेट आणि गोल्डस्मिड ह्या दोघा साहेबांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम धरले, आणि १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीने सारा बांधून दिला. आपल्या शेतांचे सर्व्हे नंबर ह्या कामातून निघाले. पुढे १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी व एकत्रीकरण आले आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. म्हणजे ह्या एका नंबरात जवळजवळ दोनशे वर्षे बसली आहेत.

नंबराखाली क्षेत्र लिहिले आहे, हेक्टर व आर. आपण मात्र बोलतो एकर व गुंठे. सर्व्हेची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आम्ही परवा मुलांस सुतळी दिली आणि शाळेच्या पटांगणात गुंठा आखावयास सांगितले. तो आखल्यावर एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, आपले कबड्डीचे मैदान ह्याहून मोठे आहे!" बरोबर आहे. कबड्डीचे मैदान १३ मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे सुमारे सव्वा गुंठा. त्या दिवसापासून त्या वर्गातील मुलास गुंठा विचारावा लागत नाही. बांधावर कोणी पाच हात आत सरकला तर किती गेले, हे ते पोर सांगते. मागल्या सभेतील बंधूंना गणित हवे होते. ते येथेच आहे.

क्षेत्रापुढे जिरायत की बागायत हे लिहिलेले असते. हा झाला भूगोल. आपले गाव कोरडे का? देवाने पाठ फिरविली म्हणून नव्हे. पश्चिमेचे वारे समुद्रावरून पाणी घेऊन येतात आणि सह्याद्रीस अडतात. वर चढताना बहुतेक पाणी तेथेच टाकून देतात. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून दूर बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हा फरक! मग ह्या पट्ट्यात ऊस कसा उभा आहे? तर डोंगरात पडलेले पाणी अडवून कालव्याने आणले म्हणून. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला, भाटघरचे आजचे धरण १९२७ साली पुरे झाले. कालवा जेथून गेला तेथे 'जिरायत'चे 'बागायत' झाले आणि एकरी किंमत कित्येक पटींनी चढली. कालवा ज्या गावास चुकला ते गाव दरसाल टँकरची वाट पाहत राहिले. आणि १९८० साली उजनी धरण पुरे झाले, तेव्हा इंदापूर-करमाळ्याकडील कित्येक गावांची शेतेच पाण्याखाली गेली. एकास पाणी मिळाले ते दुसऱ्याच्या जमिनीवरून आले, हेही मुलास कळले पाहिजे. नकाशात निळी रेघ ओढणे सोपे आहे. ती रेघ कोणाच्या शेतास मिळाली व कोणाच्या शेतावरून गेली, हे विचारावयास शिकणे म्हणजे भूगोल शिकणे.

आता 'आकार' हे घर पाहा. येथे रुपये-पैशांचा एक लहानसा आकडा आहे. आज तो पाहून हसू येते, कारण एवढ्यात चहासुद्धा मिळत नाही. पण आपल्या पणजोबांस हाच आकडा पाहून घाम फुटत असे. विंगेटच्या पद्धतीत मातीची खोली हातांनी मोजून तिच्या नऊ प्रती लावीत. उत्तम मातीस सोळा आणे, तेथून उतरत यावयाचे. चुनखडी असेल, वाळू असेल, जमीन उताराची वा पाणथळ असेल, तर आणखी कमी. रीत वाईट नव्हती. पण सारा रोख भरावयाचा, पीक येवो वा न येवो. रोख पैसा शेतकऱ्याकडे कोठून येणार? तो सावकाराकडून. येथून अर्थशास्त्र सुरू होते, आणि ते सुरू होते थेट अमेरिकेतून.

बंधूंनो, ही गोष्ट जरा सावकाश ऐका. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस तेव्हा अमेरिकेतून येत असे. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण ह्यांच्यात यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तो कापूस बंद झाला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानाकडे धाव घेतली आणि मुंबईस कापसाचा भाव भडकला. व्यापाऱ्याने सावकारास पैसा दिला, सावकाराने शेतकऱ्यास उचल दिली. ज्या शेतकऱ्यास पूर्वी दहा रुपये कोणी देत नव्हते त्यास हवे तेवढे मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, भाव कोसळला. सावकाराने हात आखडला व जुने कर्ज मागू लागला. आणि नेमक्या त्याच वेळी विंगेटची तीस वर्षांची मुदत सरली. १८६७ पासून फेरआकारणी झाली ती निम्म्याने वाढ करणारी, कोठे कोठे त्याहूनही अधिक. एका बाजूने सरकार व दुसऱ्या बाजूने सावकार! त्यात कर्जरोख्याची मुदत कायद्याने तीन वर्षे. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहावयाचा. तो लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, आणि शेतकऱ्याचा फक्त अंगठा.

१२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील सुपे गावी बाजारपेठेत आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, वह्या व रोखे मागितले आणि त्यांची होळी केली. तेथून वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यासच दख्खनचे दंगे म्हणतात. ध्यानात घ्या, ते लोक मुख्यतः कागद जाळावयास गेले होते. ज्यास वाचता येत नाही त्यास कागद हा शत्रूच वाटणार. आम्ही त्या जाळपोळीचे गोडवे गात नाही. कागद जाळून कर्ज जळत नाही, आणि पुढे कित्येकांस शिक्षा झाल्या. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक कलम असे की, निरक्षर शेतकऱ्याचा रोखा सरकारी नोंदणी कामगारासमोरच लिहिला जावा. म्हणजे सरकारासही शेवटी कळले की रोगाचे मूळ अक्षरात आहे. जोतीराव फुले ह्यांनी हेच आधीपासून सांगितले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी मांडले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांस मिळते. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड रयत भरीत असे, आणि शाळा मात्र तिच्या मुलांपासून दूर. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी लिहिले तेही ह्याच काळात.

मुलास 'दख्खनचे दंगे, १८७५' एवढे पाठ करावयास लावले तर ते उद्या विसरेल. पण अमेरिकेतील लढाईने सुप्याच्या बाजारात आग लागली, ही साखळी त्यास एकदा दाखवा. मग कांद्याची निर्यात बंद झाली की आपल्या वखारीतला कांदा का सडतो, आणि भाव चढला म्हणून उसने काढून सगळ्यांनी एकच पीक लावले की पुढे काय होते, हे ते स्वतःच सांगेल.

उताऱ्याच्या डाव्या बाजूस वर 'भोगवटादार वर्ग' असतो, एक किंवा दोन. वर्ग एक म्हणजे जमीन विकावयास सहसा आडकाठी नाही. वर्ग दोन म्हणजे सरकारी परवानगीवाचून हस्तांतर करता येत नाही. ह्या एका आकड्यामागे वतनाचा सारा इतिहास उभा आहे. पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी ह्यांच्या कामाच्या मोबदल्यात वतने असत. पण एकाचे वतन मानाचे आणि दुसऱ्याचे राबणुकीचे. महार वतनाच्या तुटपुंज्या जमिनीपायी सगळे घर रात्रंदिवस सरकारी व गावकीच्या कामास बांधलेले. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्या गुलामीविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. अखेर कनिष्ठ गाववतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. आजही कित्येक घरांस आपली जमीन वर्ग दोनची आहे म्हणजे काय, हे ठाऊक नसते. कोणी दलाल येतो, कोऱ्या कागदावर सही घेतो, आणि पुढे शर्तभंग झाला म्हणून नोटीस मात्र मूळ मालकाच्या दारी येते.

आता आम्ही आमच्या घरची गोष्ट सांगतो. ती आजवर चारचौघांत सांगितली नव्हती.

आमचा आजा दुसऱ्याची जमीन खंडाने करीत असे. किती वर्षे? वडील सांगत, त्यांना समजू लागल्यापासून तेच शेत. खंड धान्यात घालावयाचा, पावती नाही. मालक शब्दाचा गोड. "तू घरचाच माणूस, तुला कागद कशाला?" असे म्हणे. उताऱ्याच्या खालच्या भागात, नमुना बारामध्ये, 'जमीन करणाराचे नाव' असे एक घर तेव्हा असे. त्यात दरसाल मालकाचेच नाव चढत होते. आज्याने ते कधी पाहिले नाही. पाहिले असते तरी वाचता आले नसते. मग कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. राज्यातील हजारो घरांस त्या दिवशी जमीन मिळाली. आमच्या आज्यास नाही. मामलेदारापुढे त्यास विचारले, "तुझे नाव कोठे आहे?" त्याने आपले हात पुढे केले. हात खरे होते, पण कागदावर नव्हते. पुढल्या हंगामास मालकाने जमीन काढून घेतली. आजा शेवटची वर्षे त्याच शेताच्या बांधावर रोजाने राबला. तो मालक आज हयात नाही, त्याच्या लेकरांशी आमचे वैर नाही. पण त्या एका घरातील नावापायी आमच्या घरच्या दोन पिढ्या रोजगारावर गेल्या.

मागल्या सभेतील बंधूंनी विचारले होते, इतिहास-भूगोलावर कोणाची चूल पेटली? आमचे उत्तर हे आहे. ते न कळल्यामुळे आमची चूल विझली होती. वडिलांनी मजुरी करून पुढे जे थोडे शेत घेतले, त्याचा हा उतारा. म्हणूनच तो आज आपणांस दाखविला.

आता शासन. हे दप्तर लिहितो कोण? एके काळी कुलकर्णीपण वंशपरंपरेने एकाच घरात चाले. लेखन मोडीत, आणि मोडी वाचणारी माणसे गावात बोटांवर मोजण्याइतकी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. हे दोन हुकूम पाठोपाठ आले, ह्यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो. दप्तर एका घराच्या मुठीतून काढावयाचे तर ते वाचणारी रयतही तयार झाली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर ही वतने सर्वत्रच गेली. आज तलाठी, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे नाव दिले आहे, तो सरकारचा पगारी नोकर आहे. नोंदीत बदल करावयाचा तर तो फेरफार वहीत घेतो, संबंधितांस नोटीस देतो, हरकतीस पंधरा दिवस असतात. मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद मान्य नसेल तर प्रांतांकडे अपील. १९६६ च्या महसूल कायद्यात असे म्हटले आहे की, प्रमाणित झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावी. म्हणजे खोटी नोंद झाली आणि आपण गप्प बसलो, तर ती खोटी ठरविण्याचे ओझे आपल्याच माथ्यावर येते. पंधरा दिवसांची नोटीस घरात येऊन पडावी आणि ती कोणी वाचू नये, ह्याचे मोल किती, हे सांगावयास पाहिजे काय?

ग्रामपंचायत निराळी. तिचा कायदा १९५८ चा. घराचा नमुना आठ, पाणी, दिवाबत्ती ही कामे तिची. ती महसूल खात्याची नव्हे. कोणते काम कोणाकडे, हे न कळल्यामुळे आपले किती हेलपाटे होतात! ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरलीच पाहिजे. १९९३ पासून घटनेनेच पंचायतीस आधार दिला आहे. आणि २००५ च्या माहितीच्या कायद्याने दहा रुपये भरून कोणीही नागरिक सरकारी कागद मागू शकतो, तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. नागरिकशास्त्र म्हणजे हे. सभापतीचे नाव पाठ करणे नव्हे.

आता शेवटची गोष्ट. गेल्या वर्षी आम्ही सहावीच्या वर्गास घरचा उतारा आणावयास सांगितले. एका मुलीने आणला, आणि वाचता वाचता ती थांबली. म्हणाली, "गुरुजी, ह्यावर अजून बाबांचेच नाव आहे." तिचे वडील वारून दोन वर्षे झाली होती. वारसनोंद झालीच नव्हती. सोसायटीने तिच्या आईस पीककर्ज नाकारले होते, कारण कागदावर खातेदार मेलेला माणूस! ती माउली दोन वर्षे उसनवारीवर शेती करीत होती आणि नशिबास बोल लावीत होती. आम्ही त्या दिवशी धडा बंद ठेवला आणि वर्गात अर्ज लिहिला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, गट नंबर. मुलांनीच मजकूर सांगितला. अर्ज गेला, फेरफार झाला, नोटीस निघाली. तेव्हा भावकीतील एक-दोघे म्हणाले, "मुलाचे नाव लावा, आईचे लावा. पोरीचे नाव कशाला? ती परक्याचे धन."

ती आई फारशी शिकलेली नव्हती. पण लेकीने तिला वर्गात ऐकलेले सांगितले होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाप मेल्यावर विधवा, मुलगा व मुलगी तिघेही वारस. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला. आई भावकीस म्हणाली, "पोर परक्याची असेल तर माझ्या शेतात खुरपते कशी?" उताऱ्यावर तीनही नावे चढली. तो नवा उतारा त्या मुलीने वर्गात वाचून दाखविला. स्वतःचे नाव आले तेथे तिचा आवाज बारीक झाला. त्यास हर्ष म्हणावा की भय, हे आम्हांस सांगता येणार नाही. (त्या माउलीची परवानगी घेऊनच हे सांगत आहोत.)

बंधूंनो, ह्यापुढे आणखी एक परीक्षा आहे. आज लहानपणी नाव चढते. उद्या तीच मुलगी सासरी जाते आणि भाऊ तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो. "सही कर, माहेर तुटावयास नको." ज्या घरी आम्ही सावकारास नावे ठेवतो, त्याच घरात बहिणीची सही अशी घेतली जाते. तिने समजून उमजून दिले तर तो तिचा अधिकार. पण न वाचता दिलेली सही आणि १८७५ सालचा अंगठा ह्यांत आम्हांस फरक दिसत नाही. हे आम्ही आमच्या घरासही लावून घेतो. आमच्या बहिणीस वडिलांमागे उताऱ्यावर घेतले आहे, आणि त्यासाठी आम्हांस कोणी शाबासकी द्यावी असे त्यात काही नाही.

तर आमच्या तीन विनंत्या आहेत.

पालकांस विनंती की, वर्षातून एकदा घरचा सातबारा व आठ-अ मुलांच्या हाती द्या, आणि मुलींच्या हाती आधी द्या. हल्ली डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या काढता येतो. पिकाची नोंदही आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची असते. ती शेजाऱ्यावर वा दुकानदारावर सोपवू नका. इतर हक्कात कोणाचा बोजा आहे, फिटलेले कर्ज अजून चढलेलेच आहे काय, हे मुलास वाचू द्या.

पंचायतीस विनंती की, चावडी वाचन नुसते कागदोपत्री होऊ नये. वर्षातून एक दिवस चावडीत नोंदी मोठ्याने वाचाव्या, आणि त्या वाचावयास सातवीची मुले-मुली बसवाव्या. चुकीची नोंद असेल तर ती गावापुढे उघडी होईल.

शिक्षकबंधूंस विनंती की, आपण पाठ्यपुस्तक सोडू नये, पण पुस्तकाआधी गाव उघडावे. महाराजांचा धडा येईल तेव्हा गुंठा आखावा. पर्जन्यछायेचा धडा येईल तेव्हा गावच्या विहिरीतील पाण्याची खोली मोजावी. ग्रामपंचायतीचा धडा येईल तेव्हा मुलांस ग्रामसभेत मागे बसवावे. ह्याने अभ्यासक्रम मागे पडत नाही. आम्ही करून पाहिले आहे.

आमच्या आज्यास मामलेदाराने जो प्रश्न विचारला, तो प्रत्येक मुलास कधी ना कधी कोणीतरी विचारणारच आहे. त्या वेळी त्याने नुसते हात पुढे करू नयेत. आपल्या नावावर बोट ठेवून ते वाचून दाखवावे. एवढ्यासाठी इतिहास-भूगोल शिकावयाचा.

हा उतारा आम्ही येथे टेबलावर ठेवतो. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा, आणि पुढल्या रविवारी आपापला घेऊन शाळेत यावे. मुले वाचून देतील.